वाद, वितंडा आणि सिनेमाचे पुरस्कार



या मालेत आपण आतापर्यंत प्रमाण, कार्यकारणभाव, कर्तव्य अशा वजनदार शब्दांबद्दल बोललो. आजचा विषय त्या मानानं हलका वाटेल. सिनेमाचे पुरस्कार जाहीर झाले की फोनवर जे वाद पेटतात, नटनट्यांच्या भानगडींवर जी चर्चा रात्र-रात्र चालते, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. ‘सर, यात कसलं आलंय तत्त्वज्ञान?’ असं कुणी विचारेल. आमचं उत्तर असं आहे : आपल्यापैकी फार थोडे लोक न्यायाधीश होतात, फार थोडे परीक्षक होतात. पण ‘हा पुरस्कार चुकीच्या माणसाला गेला’, ‘तो नट दोषीच आहे’ असे निवाडे आपण सगळेच देतो, आणि रोज देतो. निवाडा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायचं असेल तर जिथे आपण तो रोज करतो तिथूनच सुरुवात केलेली बरी.

एक ताजं उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०२५ रोजी ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. ते २०२३ सालच्या चित्रपटांसाठी होते. सर्वोत्कृष्ट अभिनेता हा मान ‘जवान’साठी शाहरुख खान आणि ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला. दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरला स्टोरी’साठी सुदीप्तो सेन यांना मिळाला. ‘आडुजीवितम’ हा बराच नावाजलेला मल्याळम चित्रपट रिकाम्या हातानं परतला. झालं! संध्याकाळपर्यंत वादाला तोंड फुटलं. कुणी म्हणालं, ‘जवान मला अजिबात आवडला नाही.’ दुसरा म्हणाला, ‘अहो, पण वाळवंटातला तो गुलाम ज्यानं साकारला त्याचा अभिनय वरच्या दर्जाचा होता.’ तिसऱ्याचं म्हणणं, ‘परीक्षक मंडळच आधीपासून ठरवून बसलं होतं.’ चौथा म्हणाला, ‘केरळची बदनामी करणाऱ्या चित्रपटाला सरकारी सन्मान देताच कसा?’

आता जरा शांतपणे बघा. हे चौघं एकमेकांना उत्तर देत आहेत असं वाटतं, पण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो आहे. पहिला बोलतो आवडीबद्दल. दुसरा बोलतो गुणाबद्दल. तिसरा निवडीच्या रीतीबद्दल बोलतो आणि चौथा नीतीबद्दल. आवड, गुण, रीत, नीती. चार प्रश्न आहेत, चारही रास्त आहेत. पण प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नासाठी वापरला की वाद संपत नाही, नुसता तापतो. आज आपण एवढंच करू : हे चार धागे सुटे करून बघू.

आवड आणि गुण

पहिले दोन धागे एकमेकांत सर्वांत जास्त गुंतलेले आहेत. ‘मला कारलं आवडत नाही’ असं मी म्हटलं, तर तुम्ही ‘हे चूक आहे’ असं म्हणू शकत नाही. तिथे वादाला जागाच नाही. पण ‘हा अभिनय उत्तम आहे’ असं म्हटलं की मी माझ्या जिभेबद्दल बोलत नाही, त्या अभिनयाबद्दल बोलतो, आणि तुम्हीही सहमत व्हावं अशी माझी अपेक्षा असते. कांटनं १७९० च्या आपल्या ग्रंथात हा भेद फार बारकाईनं मांडला. सुखद वाटणं ज्याचं त्याच्यापाशी असतं. सुंदर म्हणणं मात्र सर्वांना उद्देशून असतं. म्हणूनच आपण कारल्यावरून भांडत नाही आणि सिनेमावरून भांडतो. हे भांडण मूर्खपणाचं नाही. दुसऱ्यालाही दिसू शकेल असं काही तिथे आहे, या विश्वासातूनच ते सुरू होतं.

मग हे ‘काही’ दाखवायचं कसं? डेव्हिड ह्यूमनं १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात तो ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतली एक गोष्ट सांगतो. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, ‘चांगली आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो.’ दुसरा म्हणाला, ‘चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते.’ लोक दोघांनाही हसले. शेवटी पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, चामड्याच्या वादीत अडकवलेली. ह्यूमला म्हणायचं आहे ते असं की, चांगल्या जाणकाराला वेगळं मत असतं एवढंच नव्हे, त्याला वस्तूत खरोखर असलेलं काहीतरी जाणवतं. असा जाणकार व्हायला काय लागतं? संवेदना तीक्ष्ण हवी, सराव हवा, तुलना करता येण्याइतकं पाहिलेलं हवं, पूर्वग्रह बाजूला ठेवता यायला हवेत आणि समज शाबूत हवी.

म्हणजे गुणाच्या वादात पुरावा कोणता? तर ‘किल्ली’ दाखवणं. अमुक प्रसंगात नटानं आवाज चढवला नाही, नजर वळवली, आणि त्यामुळे पुढच्या प्रसंगाचा अर्थ बदलला, असं बोट ठेवून सांगणं. ‘चित्रपटानं अमुक कोटी कमावले’ ही किल्ली नाही. ‘तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याला एकदाही मिळाला नव्हता’ हीसुद्धा किल्ली नाही. ते कारण सन्मानाचं असू शकेल, त्या वर्षीच्या अभिनयाचं नाही.

आपल्याकडे भरतमुनींनी याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय जरूर वाचा. तिथे नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार आहे. स्पर्धा आहेत, परीक्षक आहेत आणि विजेत्याला द्यायची पताकाही आहे. परीक्षकांना भरत ‘प्राश्निक’ म्हणतात, आणि ते एकाच साच्याचे नाहीत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणकार, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, संगीतकार, राजसेवक असे दहा जण. का? तर रंगमंचावर धनुष्य कसं धरलंय हे धनुर्धरानं पाहावं आणि शब्द शुद्ध आहे का हे व्याकरणकारानं. प्रत्येकाचा अधिकार त्याच्या क्षेत्रापुरता! आजच्या मंडळांतही संकलक, छायालेखक, लेखक असतात, त्याचं मूळ तत्त्व हेच आहे. आणि दोन प्रयोग बरोबरीचे ठरले तर पताका दोघांनाही द्यावी, अशी सोयही तिथे आहे. तेव्हा पुरस्कार विभागून दिला म्हणजे परीक्षक कचरले, असं लगेच म्हणायचं कारण नाही.

भरतांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. प्रयोगावर येणाऱ्या संकटांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांनी घडवलेली संकटंही मोजली आहेत. मोठमोठ्यानं ओरडणं, टाळ्या पिटणं, शेण आणि ढेकळं फेकणं. त्यामागची कारणंही दिली आहेत : मत्सर, द्वेष, एका बाजूला बांधलेलं असणं आणि पैसा. आज चित्रपट पाहण्याआधीच हजारो लोक त्याला एक तारा देतात, आवडत्या नटाच्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडतात. साधन बदललं, शेण तेच आहे.

रीत

आता तिसरा धागा. ‘हे ठरवून झालं’ हा आरोप आपण फार सहज करतो. पण निकाल आपल्या मनासारखा लागला नाही हा रीत चुकल्याचा पुरावा नव्हे. का, ते एका छोट्या हिशेबानं बघू. कागद-पेन्सिल असेल तर मांडून पाहा.

समजा नऊ परीक्षक आहेत आणि तीन चित्रपट : अ, ब आणि क. चार परीक्षकांचा क्रम आहे अ, मग क, मग ब. तिघांचा क्रम ब, मग क, मग अ. उरलेल्या दोघांचा क्रम क, मग ब, मग अ. आता विजेता कोण?

पहिली रीत : ज्याला पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं, तो जिंकला. ‘अ’ला चार, ‘ब’ला तीन, ‘क’ला दोन. ‘अ’ जिंकला. दुसरी रीत : सर्वांत कमी मतं मिळालेला बाद करा आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला द्या. ‘क’ बाद झाला, त्याची दोन मतं ‘ब’कडे गेली. ‘ब’ला पाच, ‘अ’ला चार. ‘ब’ जिंकला. तिसरी रीत : दोघा-दोघांची लढत लावा. ‘क’ विरुद्ध ‘अ’ लावली तर पाच जण ‘क’ला वर ठेवतात. ‘क’ विरुद्ध ‘ब’ लावली तर सहा जण ‘क’ला वर ठेवतात. ‘क’ जिंकला. परीक्षक तेच, त्यांची मतं तीच, कुणी लाच घेतली नाही, कुणाचा फोन आला नाही. तरीही तीन रीतींचे तीन विजेते!

ही नुसती गंमत नाही. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी अठराव्या शतकात असल्या पेचांकडे लक्ष वेधलं होतं. १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी सिद्धच करून दाखवलं की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर सगळ्यांच्या पसंतीक्रमातून एक सामूहिक क्रम काढण्याची अशी कुठलीही रीत नाही जी आपल्या सर्व साध्या, रास्त अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करील. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ सालच्या चित्रपटांपासून पुन्हा पसंतीक्रमाची, म्हणजे आपली दुसरी रीत वापरली जाते. तिच्यात काहींना अतिशय प्रिय पण बाकीच्यांना नकोसा असलेला चित्रपट मागे पडू शकतो आणि बहुतेकांना बऱ्यापैकी पटलेला पुढे येऊ शकतो. ही लबाडी नव्हे, तो त्या रीतीचा स्वभाव आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रेक्षकांचं मतदान नसतं. आधी प्रादेशिक समित्या, मग केंद्रीय समिती, अशी चाळणी असते. तेव्हा ‘जनतेचा कौल डावलला’ ही तक्रार तिथे लागूच होत नाही. जनतेला तिथे विचारलेलंच नसतं.

याचा अर्थ रीतीवर बोट ठेवूच नये असा नाही. उलट, सर्वांत फलदायी वाद रीतीचेच झाले आहेत. दोन उदाहरणं देतो. १९५७ मध्ये फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. समारंभात लता मंगेशकरांनी त्यातलं गाणं म्हणावं असं ठरत होतं. लताबाईंनी नकार दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता : संगीतकाराला पुरस्कार आहे, गायकाला नाही, मग गायकानं का गावं? यात संगीतकाराची निंदा नाही, ‘मला का नाही’ अशी रडही नाही. पुरस्कारांच्या यादीतच एक रकाना कमी आहे, हे दाखवलं. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला ‘मधुमती’साठी लताबाईंनाच मिळाला. पुढे काही वर्षांनी गायक आणि गायिका असे दोन पुरस्कार वेगळे झाले.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाच्या चारही गटांतली सगळीच्या सगळी वीस नामांकनं गोऱ्या कलावंतांना मिळाली. त्यावर मोठी ओरड झाली. पण ती नुसती ओरड नव्हती, तिच्या हातात मोजदाद होती. प्रश्न ‘अमुक नट चांगला की तमुक’ असा नव्हता, तर मत देणारे कोण आहेत असा होता. जानेवारी २०१६ मध्ये अकादमीनं महिला आणि अल्पसंख्याक सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. दोन्ही उदाहरणांत काय साम्य आहे? प्रश्न नेमका होता, त्याचा पुरावा त्याच जातीचा होता आणि काय बदलायला हवं ते सांगता येत होतं.

प्राण यांचं उदाहरणही इथेच सांगायला हवं, कारण ते गुणाच्या वादाचं आहे आणि फार उंचीचं आहे. १९७२ चा ‘पाकीझा’ आठवा. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद चित्रपट पुरा होण्याआधीच, १९६८ मध्ये वारले होते. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार मात्र ‘बेईमान’ला, शंकर-जयकिशन यांना गेला. प्राण यांना त्याच ‘बेईमान’साठी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. ‘पाकीझा’च्या संगीताचा हक्क डावलला, असं म्हणून त्यांनी स्वतःचा पुरस्कार नाकारला. ते बरोबर होते की नाही यावर आजही मतभेद होऊ शकतात. पण बघा, त्यांनी आपल्याच चित्रपटाच्या विरोधात, मेलेल्या माणसाच्या बाजूनं मत दिलं आणि त्याची किंमत स्वतःच्या पदरची मोजली. ह्यूम ज्याला पूर्वग्रह बाजूला ठेवणं म्हणतो, ते हेच. आपण एखाद्याची बाजू घेतो तेव्हा आपलं काय पणाला लागलेलं असतं, हे स्वतःला विचारायला हरकत नाही.

नीती

चौथा धागा सर्वांत नाजूक. २७ मार्च २०२२ च्या ऑस्कर समारंभात विल स्मिथनं सर्वांसमोर ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारली. त्याच रात्री थोड्या वेळानं ‘किंग रिचर्ड’साठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे त्यानं अकादमीचा राजीनामा दिला आणि अकादमीनं त्याला दहा वर्षं समारंभांना येण्यास मनाई केली. पुरस्कार मात्र काढून घेतला नाही. रोमान पोलान्स्की यांचं पाहा. अल्पवयीन मुलीशी लैंगिक संबंध ठेवल्याचा गुन्हा त्यांनी १९७७ मध्ये कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षेआधी अमेरिकेतून पळ काढला. २००३ मध्ये ‘द पियानिस्ट’साठी त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. २०१८ मध्ये त्याच अकादमीनं त्यांना सदस्यत्वावरून काढून टाकलं. दोन्ही वेळी संस्थेनं काय केलं? कामाचा हिशेब वेगळा ठेवला, माणसाचा वेगळा.

हे पुरेसं आहे का? सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. पुरस्कार म्हणजे नुसता गुणांचा दाखला नसतो, तो सन्मानही असतो. व्यासपीठ, टाळ्या, उभं राहून दिलेली मानवंदना. त्या टाळ्या ज्या मुलीनं सोसलं तिच्याही कानावर पडतात. म्हणून ‘काम आणि माणूस वेगळे’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत. पण ‘माणूस वाईट, म्हणून काम वाईट’ हेही खोटं आहे. ‘काम मोठं आहे, तरीही या माणसाचा सन्मान आम्ही करणार नाही’ असं वाक्य म्हणता येतं. ते दोन्ही बाजूंना अवघड जातं, कारण त्यात एक गोष्ट मान्य करावी लागते आणि दुसरी सोडावी लागते.

दोष माणसाच्या आयुष्यात नसून कलाकृतीतच असेल तर? ह्यूम त्याच निबंधात म्हणतो की कलाकृतीतला नैतिक दोष तिच्या सौंदर्यालाही बाधतो. ‘द केरला स्टोरी’चा वाद इथे बसतो. त्याच्या टीझरमध्ये ३२,००० मुलींचा आकडा होता. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर निर्मात्यांनी मान्य केलं की या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि हे कल्पित कथानक आहे, अशी सूचना चित्रपटाला जोडली जाईल. आता दिग्दर्शनाचं कौशल्य हा एक प्रश्न झाला, मांडलेलं विधान खरं आहे का हा दुसरा, आणि राज्यसंस्थेनं त्याचा गौरव करावा का हा तिसरा. या चित्रपटाचे समर्थकही आणि विरोधकही या तिन्ही प्रश्नांची एकच ‘हो’ किंवा एकच ‘नाही’ देऊन मोकळे होतात. वेगळी उत्तरं देण्याचा अधिकार आपण स्वतःच गमावतो.

जिथे निवाडा आपला नाही

आतापर्यंत आपण ज्या वादांबद्दल बोललो त्यांत चुकलं तर फारसं बिघडत नाही. कुणाचा पुरस्कार हुकतो, कुणाचा अहंकार दुखावतो. पण याच सवयी घेऊन आपण गुन्ह्याच्या आरोपांकडे जातो, तेव्हा बिघडतं. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत या तरुण अभिनेत्याचा मुंबईत मृत्यू झाला. पुढचे कित्येक महिने घरोघरी, फोनोफोनी खटला चालला. त्याच्या मैत्रिणीला लाखो लोकांनी खुनी ठरवलं. अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली, सुमारे महिनाभर ती तुरुंगात राहिली आणि मग मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. त्याच ऑक्टोबरमध्ये एम्सच्या तज्ज्ञांनी खुनाची शक्यता नाकारली. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात अडथळा आणतो. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मधली पाच वर्षं त्या मुलीला कोण परत देणार?

इथे नेमकं काय चुकलं? चित्रपट चांगला की वाईट यावर बोलताना तुमच्याकडे प्रत्यक्ष प्रमाण असतं. तुम्ही तो पाहिलेला असतो. गुन्ह्याबाबत तुमच्याकडे प्रत्यक्ष काहीही नसतं. उरतं ते शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरचा विश्वास. आणि नैयायिकांची अट आहे की शब्द हे प्रमाण ठरतं ते आप्ताचं, म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, अशा माणसाचं. रात्री नऊला ओरडणारा निवेदक या अटीत बसतो का, तुम्हीच ठरवा. अशा ठिकाणी ‘मला माहीत नाही’ हे उत्तर पळपुटेपणाचं नाही. तेच बरोबर उत्तर आहे.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी, वेळ पडली तर शब्दच्छल करूनही केला जातो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं म्हणजे वितंडा. मराठीत आपण ‘वाद’ हा शब्द आता भांडणासाठी वापरतो. मूळचा चांगला शब्द आपण हरवून बसलो, म्हणून ‘वाद नको’ असं म्हणतो. खरं तर नको आहे ती वितंडा. शब्दच्छलाचं नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आहे : कुणी म्हणालं, ‘याच्याकडे नव कंबल आहे’, म्हणजे नवी घोंगडी आहे. छल करणारा म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!’ मुलाखतीतलं अर्धं वाक्य कापून फिरवलं जातं तेव्हा हीच युक्ती चाललेली असते. फरक एवढाच की तेव्हा सभेत मध्यस्थ बसलेले असत, ते छल पकडत. आज आपल्या हातातल्या यंत्राला तुम्ही चिडून तिथेच थांबणं फायद्याचं आहे. मध्यस्थाचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

तर मग पुढच्या वेळी पुरस्कार जाहीर झाले की उत्तर टंकण्याआधी स्वतःला विचारा : मी आवडीबद्दल बोलतोय, गुणाबद्दल, रीतीबद्दल की नीतीबद्दल? आणि माझ्या हातातला पुरावा त्याच जातीचा आहे का? समोरचा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर त्याला खोडण्याआधी तेवढंच त्याला सांगा. अर्धी भांडणं तिथेच मिटतील. उरलेली अर्धी करण्यासारखी असतील.

आता वेळ आहे तर एक प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, तुम्ही जाणकारांबद्दल बोललात. मग आमच्यासारख्या साध्या प्रेक्षकानं मत द्यायचंच नाही का? आणि पुरस्कारांना एवढं महत्त्व तरी का द्यायचं?

उत्तर : दोन्ही प्रश्न चांगले आहेत. दुसरा आधी घेतो. मोठ्या चित्रपटाला पुरस्कारानं फारसा फरक पडत नाही, लहानाला पडतो. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. त्यानंतर तोच सर्वोच्च मान ‘श्वास’ला मिळाला आणि तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिथला खर्च भागवायला इथल्या साध्या माणसांनी वर्गणी काढली होती. पुढे ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनाही हा मान मिळाला. थिएटर मिळण्याची मारामार असलेल्या चित्रपटाला एवढी एक ओळ पोस्टरवर मिळणं म्हणजे दार किलकिलं होणं असतं. म्हणून ती ओळ कुणाला मिळते याबद्दल आपण बोलायलाच हवं.

आणि साध्या प्रेक्षकाचं म्हणाल, तर पुन्हा भरतांकडेच जाऊ. त्यांच्या दहा प्राश्निकांआधी प्रेक्षकाला जागा आहे. प्रेक्षकाचं हसू, ‘अहो’ असा उद्गार, डोळ्यांतलं पाणी, अंगावरचा काटा, ही त्यांच्या लेखी यशाची मानुषी सिद्धी आहे. आणि दैवी सिद्धी कोणती, तर प्रेक्षागृह भरलेलं असताना कसला आवाज नाही, कसली गडबड नाही. तरुणांना शृंगार रुचतो, वृद्धांना धर्मकथा, शूरांना युद्ध, हेही त्यांनी मान्य केलं आहे. सगळ्यांना सगळं आवडलं पाहिजे अशी त्यांची अट नाही. प्रेक्षकाकडून त्यांची मुख्य अपेक्षा अशी की रंगमंचावर आनंद असेल तेव्हा तो आनंदी व्हावा आणि शोक असेल तेव्हा त्याला शोक व्हावा. म्हणजे आधी नीट पाहावं. मत द्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही, चित्रपट पाहून या एवढंच आमचं म्हणणं आहे.

थांबतो. पुढच्या व्याख्यानात आपण न्यायसूत्रांतले निग्रहस्थान, म्हणजे वादात माणूस हरला हे ओळखायच्या जागा, जरा सविस्तर पाहू. नमस्कार.